‘ओनर’च्या कॉलममध्ये माझं नाव (गीता १८.१३ ते १८.१६)



अठराव्या अध्यायातले हे चार श्लोक मी दोन दिवस पुढे ढकलले होते. वाचून झाले होते, पण त्यांच्यावर लिहायचं तर घरातली एक गोष्ट सांगावी लागणार आणि ती सांगायची मला लाज वाटत होती. आज सांगतो.

आधी श्लोक. भगवान अर्जुनाला म्हणतात की कुठलंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे हे शरीर. करण म्हणजे इंद्रियं. चेष्टा म्हणजे आत चालणारी प्राण-अपानाची हालचाल. शरीराने, वाणीने किंवा मनाने आपण जे काही करतो, योग्य किंवा अयोग्य, त्यात ही पाचही असतात. आणि असं असताना जो फक्त स्वतःकडे बोट दाखवून ‘मी केलं’ म्हणतो, त्याला भगवान दुर्मती म्हणतात. (आचार्यांच्या भाष्यात इथे अकर्त्या आत्म्याचा मोठा विचार आहे. त्याला एक वेगळा दिवस देऊ.)

दैव म्हटलं की आपल्याला लगेच पत्रिका आठवते. शंकराचार्यांनी मात्र इथे दैव म्हणजे इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या देवता, जसा डोळ्यांना सूर्य, असा अर्थ घेतला आहे. मला हा अर्थ फार पटला. डोळे धडधाकट आहेत, बघायची इच्छा आहे, पण खोलीत उजेडच नाही, तर काय दिसणार? आमच्या भाषेत सांगायचं तर ही बाहेरची डिपेंडन्सी. तुमचा कोड कितीही चोख असो, समोरची सर्व्हिस उठेपर्यंत थांबावं लागतं.

हे मला ऑफिसात कळतं. घरात कळलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर बाबांना स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. म्हणजे समजतं सगळं, पण शब्द सापडत नाही, सापडला तर भलताच बाहेर येतो. याला अफेजिया म्हणतात. डॉक्टर म्हणाले की पहिले काही महिने सुधारणा जास्त वेगाने होते. मी एवढंच ऐकलं. पुढे ते ‘प्रत्येकाचं वेगळं असतं’ असंही म्हणाले होते, ते आईने ऐकलं.

त्याच रात्री मी एक शीट बनवली. रोजचे वीस शब्द, किती वेळा प्रयत्न, किती वेळा बरोबर, टक्केवारी, खाली ग्राफ. डेडलाइन गुढीपाडवा. पाडव्याला बाबा काकाशी फोनवर बोलतील, असं मी ठरवून टाकलं. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून तीनदा यायच्या, उरलेले दिवस माझे. वर्क फ्रॉम होम होतं, दोन मीटिंगच्या मध्ये मी बाबांसमोर कार्ड घेऊन बसायचो.

पंधरा दिवस ग्राफ चढला. मग आडवा झाला. मी शब्द वाढवले, वेळ वाढवली. थेरपिस्ट ताई म्हणाल्या, “ते थकले की थांबा, थकल्यावर जास्त चुकतं.” मला वाटलं, या सगळ्यांनाच असं सांगत असतील.

जानेवारीत एका संध्याकाळी मी त्यांच्याकडून माझं नाव म्हणवून घेत होतो. ते दरवेळी माझ्या आत्याचं नाव घ्यायचे. बारा वेळा झालं. मी म्हणालो, “बाबा, नीट लक्ष द्या ना!” आवाज चढला होता माझा. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने कळलं की ते रडतायत. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून गणित शिकवलेला माणूस.

आई आतून आली आणि एवढंच बोलली, “हे घर आहे, तुझं ऑफिस नाही. आणि ते तुझ्या टीममध्ये नाहीत.”

रात्री लॅपटॉप उघडला. शीटमध्ये सवयीने एक ‘ओनर’ नावाचा कॉलम घातला होता, कामाच्या प्रत्येक शीटमध्ये असतो तसा. वरपासून खालपर्यंत माझं नाव. बोलायचं बाबांनी, जीभ त्यांची, श्वास त्यांचा, जखम त्यांच्या मेंदूला, ती भरून यायची तिच्या वेळेने. आणि ओनर मी! सोळावा श्लोक मला तेव्हा पहिल्यांदा कळला असं म्हणायला हरकत नाही. पाठ तो कॉलेजपासून होता.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं काढली नाहीत. संध्याकाळी आई नेहमीसारखी हरिपाठाला बसली. बाबा खुर्चीत. चौथ्या-पाचव्या अभंगाला मला दोन आवाज ऐकू आले. बाबा तिच्याबरोबर म्हणत होते. अडखळत, पण अख्खी ओळ. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, पुढे गेलो नाही. फोन काढून रेकॉर्ड करावंसं वाटलं, तेही केलं नाही.

याला चमत्कार म्हणू नका, प्लीज. ताईंना सांगितलं तर त्या हसल्या. पाठ असलेली, चालीवरची गोष्ट मेंदू वेगळ्या वाटेने आणतो, अफेजियात बऱ्याच जणांना बोलता येत नाही पण गाता येतं, म्हणाल्या. त्यावरून बोलणं परत येईलच असं नाही. पण त्यांनी व्यायामात तेवढी चाल घेतली. माझ्या शीटमध्ये हरिपाठ कुठेच नव्हता.

कुणी विचारेल, मग प्रयत्न सोडून द्यायचे का? याच अध्यायात पुढे, सव्विसाव्या श्लोकात, सात्त्विक कर्त्याची लक्षणं येतात. तो ‘मी, मी’ करत नाही, यश-अपयशाने हलत नाही, पण त्याच्याकडे धीर आणि उत्साह दोन्ही असतात. उत्साह सोडा असं भगवान कुठेच म्हणत नाहीत. आम्ही रोज अर्धा तास बसतो, बाबा मान हलवतात तेव्हा थांबतो. मला हे अजून जड जातं. ते एखाद्या शब्दापाशी अडकले की तो मीच सांगून टाकावा असं जिभेवर येतं. दहा आकडे मनात मोजतो. कधी सहापर्यंतच टिकतो.

पाडवा होऊन गेला. काकाचा फोन आला, बाबांनी ऐकला, हसले, बोलले नाहीत. माझं नाव अजून आलेलं नाही. आत्याचं येतं, मी ‘ओ’ देतो.

परवा सकाळी त्यांना चहा हवा होता आणि ते ‘पेपर’ म्हणाले. आईने चहा आणला. मग पेपरही आणून दिला.

उद्या १८.१७.

राम कृष्ण हरी.