मधुमेह आणि इन्सुलिन : भय कशाला?



आपल्यापैकी पुष्कळांची मुले मुंबईत कांजूरमार्ग-भांडुप भागात कामाधंद्याला आहेत. वडीलधारी मंडळी मधुमेहाच्या तपासणीसाठी त्यांच्याकडे जातात. डॉक्टर इन्सुलिन लिहून देतात, आणि गावी परतल्यावर चारजण सांगतात, "सुई लागली म्हणजे संपलंच!" मग बाटली तशीच पडून राहते. यात जिवाला धोका आहे, म्हणून नेहमीच्या शंकांचा आम्ही येथे विचार करीत आहोत.

इन्सुलिन काय करते? – रक्त हा कालवा आणि साखर हे पाणी समजा. कालवा तुडुंब असला, तरी दारे धरायला माणूस नसेल तर ऊस वाळतो. शरीरात दारे धरण्याचे काम स्वादुपिंडातले इन्सुलिन करते. वर्षे सरतात तसा हा गडी थकतो. काही काळ गोळ्यांनी भागते. पुढे बाहेरून गडी आणावा लागतो.

हा शेवटचा इलाज काय? – नव्हे. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन दिले. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे 13 वर्षे जगला. डोळे, मूत्रपिंडे बिघडतात ती वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने.

सवय लागते काय? – तंबाखूसारखी तल्लफ येत नाही. ऑपरेशनपुरते घेतलेले इन्सुलिन पुढे बंदही होऊ शकते. ते डॉक्टरांनी ठरवायचे.

सुई दुखते काय? – ती अगदी बारीक असते. पोटावर किंवा मांडीवर टोचावी, रोज जागा थोडी बदलावी. 40 च्या बाटलीला 40 चीच सिरिंज वापरावी, नाहीतर डोस चुकतो.

साखर एकदम उतरली तर? – ही भीती खरी आहे. घाम, थरथर, चक्कर ही तिची खूण. चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, मग भाकरी खावी. शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी रानात जाऊ नये. आपल्याच कारखान्याच्या साखरेची पुडी खिशात असू द्यावी!

बाटली कोठे ठेवावी? – फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नको. फ्रीज नसल्यास मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे आणि बाटली पिशवीत घालून त्यात ठेवावी. मुंबईहून येताना ती उन्हात तापू देऊ नये.

सभासदांनी मनाने डोस बंद करू नये. शंका आल्यास आधी डॉक्टरांना विचारावे, ही विनंती.