पिवळं लेकरू आणि निळा उजेड

लेकरू पिवळं दिसू लागलं की आजी म्हणते, कोवळ्या उन्हात धरा. म्हणणं अगदीच निराधार नाही. 1956 साली इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाचं अंग उजळलं, पण चादरीखाली झाकलेला भाग पिवळाच राहिला. त्यांनी ते डॉक्टरांना दाखवलं आणि 1958 मध्ये दिव्याचा उपचार जगापुढे आला. पाहिलं एका नर्सने, हे आपल्या आशाताईंनाही सांगा.

उजेडातला कामाचा भाग निळा, साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) तो कातडीतल्या पिवळ्या बिलिरुबिनचं रूप बदलतो, मग ते शी-लघवीतून निघून जातं. पण त्याच उन्हात अतिनील किरण आणि उष्णताही असते. देवणीच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडं बाळ तापतं, सुकतं. नायजेरियात डॉक्टरांनी मंडपावर अतिनील किरण अडवणारी, उष्णता कमी करणारी खास फिल्म लावून बाळांवर उपचार केले. 2015 साली त्याचे चांगले निकाल छापून आले. तिथेही बाळाचा ताप सतत मोजत होते. आपली ओढणी किंवा रंगीत प्लास्टिक म्हणजे ती फिल्म नव्हे.

दवाखान्यातल्या निळ्या दिव्याखाली बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात. ती बघून आया घाबरतात. प्रखर उजेडापासून डोळे जपायलाच ती असते. सरकली तर सिस्टरला लगेच सांगा. दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजत राहा.

पहिल्या 24 तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडलं, पीत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सावळ्या लेकराचा पिवळेपणा चटकन दिसत नाही. दिवसाच्या उजेडात कपाळ, छाती बोटाने दाबून बघा. बिलिरुबिन फार वाढलं तर मेंदूत शिरतं, लेकरू बहिरं होतं, हातपाय कायमचे ताठरतात. कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात, माळ घालण्यात हाच वेळ जातो.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी येतात. बाळ उघडं करून दाखवा. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत, न्यायला 102 नंबरची गाडीही.