बेरीज जुळली, पण माल कुठे?



भिवंडीच्या यंत्रमाग धंद्यातली एक रीत आम्ही पाहिली. व्यापारी मागवाल्याला सूत वजनावर देतो आणि कापडाचे ताके मोजून घेतो. "एवढे ताके झाले" असे मागवाल्याने चिठ्ठीवर लिहून आणले, म्हणून मजुरी मिळत नाही. ताका गादीवर यावा लागतो.

तिथून फार दूर नाही, त्या भांडुपच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत मात्र चिठ्ठीवरच भागले. एचडीआयएल या बांधकाम कंपनीच्या गटाकडे बँकेचे सुमारे ६,५०० कोटी अडकले होते. एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून अधिक. ते थकीत दाखवले असते तर तरतूद करावी लागून नफा पार बुडाला असता. म्हणून रिझर्व्ह बँकेला दिलेल्या यादीतून त्या गटाची ४४ खाती काढली आणि त्या जागी २१,०४९ बनावट खाती घातली. बेरीज तीच! खाती लहान, बहुतेक ठेवतारणाची. ती कोण उघडून बघतो? बँकेच्या संगणकात ती नव्हतीच. २०१८-१९ च्या ताळेबंदात निव्वळ थकबाकी अवघी २.१९ टक्के होती.

२३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये, असा पहिला हुकूम होता. मर्यादा पुढे वाढली, तरी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा मोठ्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबली.

चूक कुठे झाली? ज्याची तपासणी करायची त्याचीच यादी पुरावा धरली. त्यातली वीस नावे संगणकात शोधली असती, कर्जदारांना शिल्लक विचारणारी पत्रे धाडली असती, तर सोंग तिथेच उघडे पडले असते.

आता आपल्या घरचे. आपली साखर बँकेकडे तारण असते, पोत्यांवर उचल मिळते. लेखापरीक्षक नेमण्याचा अधिकार वार्षिक सभेचा आहे, पण तो विषय आला की आपण "मंजूर, मंजूर" म्हणून मोकळे होतो. त्यात आम्हीही आलोच. येत्या सभेत एवढे तरी विचारा: ३१ मार्चला गोदामातली पोती कोणी मोजली? बँकेच्या तारण रजिस्टरातला आकडा आपल्या साठा वहीशी कोणी ताडून पाहिला? आणि मागच्या अहवालातल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल कुठे आहे?