वारुळापाशी शिकलेलं

शाहूवाडी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३१ वर्षं शिकवलं. घर मलकापुरात आणि शाळा कधी आंब्याच्या वाटेवर, कधी विशाळगडाच्या बाजूला, कधी कडवीकाठच्या एखाद्या वाडीत. शनिवारी सकाळची शाळा. कवायत झाली की शेवटचा तास गोष्टीचा, हे मी पहिल्या वर्षापासून पाळलं. त्या तासाला सर्वांत जास्त वेळा मागितली गेली ती सापाची गोष्ट. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाचं नावही घेऊ द्यायची नाही. रात्री त्याला 'लांबडं' म्हणायचं किंवा 'जनावर'. त्या लांबड्यानं मला जे शिकवलं, ते इथं लिहून ठेवते आहे.

१. 'आपल्याकडे तसलं काही नसतं' हे उत्तर मुलांना कधी देऊ नये.

चौथीतल्या एका मुलानं टीव्हीवर पंखांचा, आग ओकणारा ड्रॅगन पाहिला होता. "बाई, ड्रॅगन आपल्यात का न्हाई वो?" मी म्हणाले, ती परदेशातली गोष्ट, आपल्याकडे तसलं काही नसतं. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "हाय की बाई. आमच्या जुन्या वाड्यात धनावर बसलाय. त्याला मिशा आल्यात." निम्म्या वर्गानं माना हलवल्या. प्रत्येकाच्या वाडीत एक होता.

मी गप्प झाले, कारण आमच्याही वाड्यात होता. माजघराच्या कोपऱ्यात धनाचा हंडा पुरलेला आहे आणि त्यावर नाग बसला आहे, असं आजी सांगायची. पुढं माझ्या लेकानं टॉल्किनचं १९३७चं 'द हॉबिट' आणलं, तेव्हा त्यातला सोन्याच्या राशीवर झोपलेला स्मॉग मला लगेच ओळखू आला. एवढ्या राशीतला एक प्याला चोरीला जातो आणि तो चवताळून उठतो. 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातला सर्पही असाच एका प्याल्यासाठी पेटतो. समुद्रापलीकडच्या माणसांनाही पुरलेल्या सोन्यावर सापच बसलेला दिसावा, याचं मला आजही नवल वाटतं.

पण आजीच्या नागाला त्या सोन्याचा मोह नव्हता. तो कुणाची तरी ठेव सांभाळत होता. खरा वारस आला की तो आपण होऊन बाजूला सरकणार आणि परक्यानं हात घातला तर फणा काढणार. स्मॉग मालक आहे, आमचा नाग राखणदार. हे मी मुलांना सांगितलं, तेव्हा ती मिशांची गोष्ट सांगणारी मुलगी म्हणाली, "मग त्याला कंटाळा येत आसंल." असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

२. गोष्टीतली भीती काढली की गोष्ट उरत नाही.

पहिलीच्या वर्गाला कालियामर्दन सांगताना मी एकदा कालियाला गोंडस केलं. हसरा, थोडा खोडकर. मुलं खिडकीबाहेर बघू लागली. पुढच्या वर्षी भागवतात आहे तसं सांगितलं: डोहाचं पाणी विषानं उकळतंय, वरून उडणारी पाखरं पाण्यात पडताहेत, गाई आणि गोपाळ काठावर निपचित पडलेत. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि इतकं घाबरल्यामुळंच शेवट त्यांना भिडला. कालियाच्या बायका हात जोडतात, कृष्ण त्याला मारत नाही, रमणक बेटावर जायला सांगतो. फण्यावर कृष्णाच्या पावलांचे ठसे उमटलेत, म्हणून आता गरुडही त्याला काही करणार नाही. आधी कालिया भयंकर वाटला नसता, तर त्याला सोडून देण्यात मोठेपणा तो काय?

३. आपलं सगळं सोज्वळ आहे, असं दाखवायला जाऊ नये.

काही वर्षं मी मोठ्या अभिमानानं सांगायची की समुद्रापलीकडचे लोक ड्रॅगनला मारतात, आपण पूजतो. ते अर्धंच खरं होतं. ऋग्वेदात इंद्र वृत्राला वज्रानं मारतो. वृत्र म्हणजे पाणी अडवून बसलेला 'अहि', सर्पच. तो पडतो तेव्हा नद्या मोकळ्या होतात. सेंट जॉर्जच्या भाल्याखालचा ड्रॅगन आणि हा वृत्र लांबचे नातलगच म्हणायला हवेत.

महाभारत तर सुरू होतं तेच सापांच्या कत्तलीपाशी. परीक्षिताला तक्षक डसला म्हणून जनमेजयानं सर्पसत्र मांडलं. मंत्रांच्या ओढीनं साप अग्नीत पडू लागले. वैशंपायनानं महाभारत सांगितलं ते याच सत्रात. मग आस्तिक नावाचा तरुण येतो. बाप ऋषी, आई वासुकीची बहीण. दोन्ही कुळांचा असलेला हा मुलगा सत्र थांबवायला लावतो. सूड सुरू करणाऱ्या राजापेक्षा मला हा आस्तिक मुलांपुढं ठेवावासा वाटतो. आपल्याकडे श्रावण शुद्ध पंचमी ही तो यज्ञ थांबल्याची तिथी म्हणून सांगतात.

४. कुठली गोष्ट कुणाला लागू पडेल, हे सांगणाऱ्याला आधी कळत नाही.

हे मी सर्वांत आधी शिकायला हवं होतं, कारण ते माझ्याच बाबतीत घडलं होतं. मला सख्खा भाऊ नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बायका-मुली भावाचा उपास करतात. मी सात-आठ वर्षांची असताना चुलत बहिणींनी विचारलं, "तू कुणाचा धरणार?" मी चुलीपाशी जाऊन रडले. आजीनं लाह्या भाजता भाजता वर न बघता सांगितलं, "नागोबाचा धर. त्याला बहिणी लागत्यातच."

आणि तिनं ती कहाणी सांगितली. एका ब्राह्मणाच्या सुनांपैकी धाकटीला माहेर नव्हतं. पंचमीला सगळ्या माहेरी गेल्या, ती एकटी राहिली. शेषाला दया आली. तो माणसाच्या रूपात आला आणि माहेरचा माणूस म्हणून तिला आपल्या घरी, पाताळात घेऊन गेला. तिथं नागीण बाळंत होताना हिच्या हातात दिवा होता. पिलं वळवळली, ही भ्याली, दिवा पडला, पिलांची शेपटं भाजली. पिलं मोठी झाली आणि सूड घ्यायला तिच्या घरी आली. तो दिवस पंचमीचा. तिनं पाटावर नाग काढले होते, दूध-लाह्या ठेवल्या होत्या आणि माझे लांडे भाऊ असतील तिथं सुखात असोत असं मागत होती. पिलांचा राग तिथंच गळाला.

मी जगभरातल्या ड्रॅगनांच्या बऱ्याच गोष्टी वाचल्या, मुलांना सांगितल्या. तलवार न उचलता, ज्याला आपल्या हातून इजा झाली त्याचंच भलं मागून सर्प शांत झाला, अशी दुसरी गोष्ट मला सापडली नाही. शिवाय ती राजपुत्राची नाही. घरात एकट्या पडलेल्या धाकट्या सुनेची आहे, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी बायकांना सांगितली.

त्या वर्षापासून मी नागोबाचा उपास धरते आहे. एकदा शाळेत ही कहाणी सांगितली आणि नंतर एक मुलगी हळूच जवळ आली. तिचा भाऊ आदल्या उन्हाळ्यात विहिरीत गेला होता. "बाई, मीबी नागोबाचा धरू?" मला लगेच बोलता आलं नाही. तिच्या डोक्यावरून हात फिरवला, एवढंच.

५. ज्या गोष्टीवर आपण वाढलो, तिच्यात बदल झाला तरी ती जगते.

माझं माहेर वारणेपल्याड, शिराळ्याकडचं. बत्तीस शिराळ्याची पंचमी मी लहानपणी पाहिली आहे: मडक्यांतून आणलेले जिवंत नाग, बैलगाड्यांची मिरवणूक, वाद्यं, दारोदारी ओवाळणाऱ्या बायका. गावात कथा अशी की गोरक्षनाथ महाजनांच्या दारी भिक्षेला आले. घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून तिला उशीर झाला. जिवंत नागाची पूजा करशील का, असं विचारून नाथांनी मातीचा नाग जिवंत केला.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग पकडायला मनाई आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४च्या आदेशानंतर जिवंत नागांची मिरवणूक थांबली. माझ्या मामांनी त्या वर्षी पंचमीला जेवण केलं नाही. त्यांचं दुःख खरं होतं आणि त्याला मी कधी अंधश्रद्धा म्हटलं नाही. २०२५ साली केंद्र सरकारनं शैक्षणिक कारणासाठी २१ नाग पकडायला परवानगी दिली, मिरवणूक आणि खेळ यांवरची मनाई मात्र कायम ठेवून.

माझं मत विचाराल तर मी नागाच्या बाजूनं आहे. श्रावणात तो भक्ष्य शोधत हिंडणार. त्याला मडक्यात कोंडायचं, गोंगाटातून फिरवायचं, जे तो पीत नाही ते दूध त्याच्यापुढं धरायचं, हा पाहुणचार नव्हे. नाथांनी मातीतून जिवंत केलेला नाग आता पुन्हा कुंभाराच्या मातीत आला आहे. कथेला त्यानं काही उणेपण आलं, असं मला वाटत नाही.

६. गोष्ट गोष्टीच्या जागी, दवाखाना दवाखान्याच्या जागी.

हे लिहिताना अजून हात थांबतो. पावसाळ्यात एका विद्यार्थिनीचे वडील जमिनीवर झोपले असताना त्यांना काहीतरी चावलं. दुखलं नाही, सूज नाही. मण्यारीचा दंश असाच असतो, रात्रीचा आणि जवळजवळ न कळणारा. घरच्यांनी त्यांना उताऱ्यासाठी नेलं. पहाटे पापण्या उघडेनात, श्वास अडखळू लागला, तेव्हा गाडी शोधली. ते वाटेतच गेले. ती मुलगी आठवड्याभरानं शाळेत आली आणि त्या शनिवारी मला गोष्ट सांगता आली नाही.

त्यानंतर एकही नागाची गोष्ट मी तशीच संपवली नाही. गोष्ट झाली की फळ्यावर चार नावं लिहायची: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. या चौघांच्या विषावर चालणारी लस मुंबईच्या हाफकिनमध्ये तयार होत आली आहे आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. चावलं तर धागा, दोरा, चिरा, उतारा काही नाही. हातपाय हलवू न देता थेट दवाखाना. मुलं हे पाढ्यासारखं म्हणायची.

'नाग डूख धरतो' हेही मी त्यांना उलगडून सांगायची. सापाला चेहरा लक्षात ठेवून वर्षानं सूड घेता येत नाही. डूख माणूस धरतो. गोष्टीत डूख हवाच, पण शेतात धामण दिसली की काठी उचलायला तो कारण होऊ नये. उंदीर खाऊन भाताचं कोठार राखणारी तीच.

७. धनाच्या गोष्टीला लोभ चिकटतो. मांडूळ, ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात, मातीत राहणारा बिनविषारी गरीब साप. तो गुप्तधन दाखवतो, या समजापायी त्याची चोरटी विक्री होते आणि माणसं त्यासाठी तुरुंगात जातात. आजीची गोष्ट राखणदाराची होती. तिच्यातून खोदायला निघावं, असं तिनं कधी सुचवलं नव्हतं.

८. मुलांना दगडापाशी न्यावं.

सहलीला आम्ही जुन्या देवळांत आणि किल्ल्यांवर जायचो, तेव्हा मी सांगायची: देव नंतर बघा, आधी उंबरठा, खांब आणि दरवाजे बघा. उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचं कीर्तिमुख असतं, स्वतःचंच शरीर खाऊन फक्त तोंड उरलेलं. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथं मगरीच्या तोंडाचा, सोंडेचा मकर. जंजिऱ्याच्या दरवाजावर पंज्यांत हत्ती दाबून धरलेला शरभ. करवीरच्या अंबाबाईच्या मस्तकावर नाग आहे, असं तिचं पारंपरिक वर्णन सांगतं. हे बघितल्यावर ड्रॅगन आपल्यात का नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. कुणाला कुठला आवडला, यावरून येताना गाडीत भांडणं झाली.

पंखांचं वेड असणाऱ्यांना मी आणखी एक सांगायची. गोव्यापासून केरळापर्यंतच्या सह्याद्रीत एक छोटा सरडा आहे, बरगड्यांवरची कातडी पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारा. लिनियसनं १७५८ साली त्याच्या जातकुळीला नाव दिलं 'ड्रॅको'. म्हणजे ड्रॅगनच.

९. पाऊस पडत असताना ही गोष्ट सांगावी.

२०२४चं वर्ष चिनी पंचांगात ड्रॅगनचं होतं. तिकडचा ड्रॅगन आग ओकत नाही, पाऊस देतो. नद्या आणि ढग त्याच्या ताब्यात. भूतान तर स्वतःला गडगडाटी ड्रॅगनचा देश म्हणवतो. आंब्याकडून ढग उतरताना आणि पत्र्यावर पाऊस कोसळताना हे सांगितलं की मुलांना समजावून द्यावं लागत नाही. रोपलावण झालेली, वारुळं भिजलेली, बिळांत पाणी शिरलेलं, साप बांधावर आलेले. आपली पंचमी नेमकी याच दिवसांत का, ते त्यांनीच मला सांगितलं.

माझ्या शेवटच्या वर्षी पंचमीच्या आदल्या शनिवारी मी चित्र काढायला दिलं: आपल्या गावचा ड्रॅगन. बहुतेकांनी पंख काढले, मिशा काढल्या, खाली हंडा काढला. तिसरीतली एक मुलगी मात्र तोंडापाशी येऊन थांबली होती. लाल खडू हातात, पण टेकवत नव्हती.

"काय झालं गं?"

"बाई, उद्या पंचमी. घरात तवा ठेवायचा न्हाई, तळायचं न्हाई. मग ह्यानं जाळ काढायचा का?"

सगळा वर्ग विचारात पडला. मग शेजारच्या मुलानं तिच्या हातातला लाल खडू घेतला, पांढरा दिला आणि म्हणाला, "उद्याच्याला लाह्या काढ."

तिनं ड्रॅगनच्या उघड्या जबड्यासमोर लाह्या काढायला सुरुवात केली, एक एक, मोजून.