चाक वाढवण्याआधी

तीन पावसाळ्यांपूर्वी माझ्याच गाडीचं मागचं डावं चाक मला ओलांडून पुढे निघून गेलं. पारोळा तालुक्यातला उताराचा गाडरस्ता होता, वेग जेमतेम पंधराचा, मागे खताच्या आठ गोण्या. गाडी डाव्या अंगाला बसली आणि चाक बांधावरून उडी मारून कपाशीत शिरलं. निंदणीला बसलेल्या बायांपासून दहा-बारा हातांवर ते आडवं झालं. कोणाला खरचटलंही नाही. एका आजीने खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "काय रे भो, हाई गाडी शे का भवरा?" बाया हसल्या. माझे मात्र पाय लटपटत होते.

ती गाडी मी घरीच बांधलेली. धुळ्याच्या भंगारातून आणलेली जुन्या महिंद्रा जीपची चेसी, तिचंच डिझेल इंजिन, वर स्वतः वेल्डिंग करून केलेला पिंजरा. गरज खरी होती. आमची जमीन काळी. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुलैत शेतात दोन पावलं टाकली की चपलेला शेरभर चिखल लागतो. टायरचंही तेच होतं. नक्षीत माती भरते, चाक लाटण्यासारखं गुळगुळीत होतं आणि जागच्या जागी फिरत बसतं.

मी ठरवलं, चाकच असं करायचं की अडकणार नाही. रिम मधून कापून पट्टी घातली आणि रुंद केली. २८ इंचांच्या जागी ३२ इंचांचा टायर चढवला. तो चेसीला घासू नये म्हणून हब आणि रिमच्या मध्ये दोन इंच जाडीचा स्पेसर टाकला. ट्रॅक्टरच्या केजव्हीलसारखी लोखंडी अँगलची कडी बाहेरून जोडली. सगळं झाल्यावर रिमला आणि स्पेसरला हौसेने लालभडक रंग दिला, दोन हात. हा रंग लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात गाडी झकास चालली. नदीच्या कोरड्या वाळूत रुंद चाक तरंगतं, तसं ते तरंगलं. पोरं व्हिडिओ काढत होती. पाऊस पडला आणि उलटं झालं. आमच्या चिखलात तळाशी टणक थर असतो. अरुंद, उंच चाक चिखल कापून तिथवर पोहोचतं. रुंद चाक वरच्या गाऱ्यावर घसरत राहतं. म्हणजे पैसे घालून मी वाळूचं चाक केलं होतं आणि शेत माझं चिखलाचं!

चाक निखळल्यावर तुटलेले पाचही बोल्ट पिशवीत घालून मी धुळ्याच्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी ते कापडावर ओळीने मांडले. दोघांची तुटलेली तोंडं ताजी होती, खडीसाखरेसारखी दाणेदार, चकचकीत. उरलेल्या तिघांवर तपकिरी गंज चढला होता. काका म्हणाले, "भाऊ, हे तीन कधीचेच गेले होते. तू दोन बोल्टांवर फिरत होतास."

मग त्यांनी जे समजावलं, ते मी आज प्रत्येकाला सांगतो. चाकाचा भार बोल्टांनी आडवा पेलायचाच नसतो. नट आवळला की बोल्ट ताणला जातो आणि रिम हबवर घट्ट दाबली जाते. या दाबामुळे जे घर्षण होतं, ते चाक धरून ठेवतं. मध्ये रंगाचा जाड थर असेल, तर तो गरम होऊन, दबून पातळ होतो. नट जागचा हललेला नसतो, पण ताण गेलेला असतो. मग रिम हबवर केसभर सरकू लागते आणि प्रत्येक फेऱ्याला बोल्ट वाकतो, सरळ होतो. तार पुढेमागे वाकवून तोडतो ना, तसंच. चाक निखळण्याआधी आठवडाभर मला डावीकडून 'टक्-टक्' ऐकू येत होतं. खडा असेल म्हणून मी रेडिओ मोठा केला होता.

आता कामाच्या गोष्टी.

स्पेसर शक्यतो टाळाच. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त. पुढच्या चाकाला टाकला तर स्टिअरिंगही प्रत्येक खड्ड्याला हात झटकतं. टाकायचाच असेल तर हबच्या मधल्या गोलात नेमका बसणारा, लेथवर दोन्ही बाजू सपाट केलेला घ्या. जिथे धातू धातूला टेकतो, तिथे रंग, गंज, ग्रीस काही नको.

रिम कापून वेल्ड करू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा पत्रा बदलतो आणि तडा नेमका तिथेच पडतो. रिम सरळ आहे का हे पाहायला गाडी जॅकवर घ्या, खडू एका जागी टेकवून धरा आणि चाक फिरवा. खडूची रेघ रिमच्या एकाच बाजूला उमटली तर रिम वाकडी आहे.

मोठ्या टायरचा हिशेब आधी करा. २८ चे ३२ इंच केले की जमिनीवरची ओढ आठवा हिस्सा कमी होते आणि बिचारा क्लच जळतो. काटा ४० दाखवतो तेव्हा गाडी ४६ च्या आसपास असते. ब्रेक मात्र जुनेच!

स्वस्त उपाय आधी करून पाहा. मी आता जीपच्या मूळ मापाचे, खोल नक्षीचे मिलिटरी टायर वापरतो. चिखलात चाकाला साखळी बांधतो आणि डांबरावर येण्याआधी सोडतो. हवा थोडी कमी केली तरी पकड वाढते. पण फार उतरवली तर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. परतताना हवा भरायला पंप जवळ असू द्या.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. इंजिन बसवून जोडलेली 'जुगाड' गाडी हेही मोटार वाहनच, असं न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटलं आहे. तेव्हा अशी गाडी एमएच-१८ असो की एमएच-१९, जळगाव-धुळे महामार्गावर काढायचीच नाही. कोणी जखमी झालं तर विमा कंपनी हात वर करेल आणि भरपाईला शेत विकावं लागेल. माझी गाडी आता बांधाच्या आतच फिरते. बाहेर न्यायची तर ट्रॉलीवर चढवतो.

मला लोक सांगलीच्या दत्तात्रय लोहारांचं उदाहरण देतात. देवराष्ट्रे गावच्या या माणसाने भंगारातून किक मारून सुरू होणारी गाडी केली. आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो मिळाली. कौतुक रास्तच आहे. पण ही गाडी कोणत्याच नियमात बसत नाही, हेही महिंद्रांनी त्याच कौतुकात लिहिलं होतं. आपण व्हिडिओ पाहतो आणि तेवढं वाक्य गाळतो.

माझ्या पोराने परवा विचारलं, पुन्हा करशील का असली गाडी? करेन. चाकाला मात्र शेवटी हात लावेन, आधी ब्रेक आणि बेअरिंग. तुम्हीही चाक खोलून बसवलंत की पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबा, गाडी थंड होऊ द्या आणि पान्याने प्रत्येक नट पुन्हा आवळा. आणि 'टक्-टक्' ऐकू आलं तर रेडिओ बंद करा.