गाडी कोणाच्या नावावर? यवतमाळ जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्यांसाठी

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा या भागांतून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी हे टिपण आहे. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी कुटुंबांशी बोलून ते तयार केले. घर कुठे घ्यावे, पैसे कसे पाठवावे यावर प्रत्येकाचे म्हणणे थोडे वेगळे पडले. जुन्या गाडीचा विषय निघाला की सगळे एकच सांगत होते: पैसे दिले म्हणून गाडी आपली होत नाही, आणि पैसे घेतले म्हणून ती आपल्या डोक्यावरून उतरत नाही. सरकारी नोंदीत नाव कोणाचे, ते पाहा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे कळायला जड नाही. जमिनीची खरेदी झाली तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत आपले वडील-काका निवांत बसत नाहीत. गाडीच्या बाबतीत मात्र तीच माणसे स्टॅम्पपेपरवर चार ओळी लिहून घेतात आणि चावी देऊन मोकळी होतात.

म्हणून सुरुवात यवतमाळातूनच करावी लागते. व्हिसा आला, तिकीट निघाले की कॉलेजात वापरलेली मोटारसायकल ओळखीतल्या कोणाला तरी दिली जाते. घाई असते. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरीच राहते आणि ‘तू घे करून नावावर’ एवढ्या बोलीवर गाडी जाते. घेणारा काही महिन्यांनी ती तिसऱ्याला विकतो, कोरे फॉर्मही तसेच पुढे सरकतात. एमएच-२९ चा नंबर तुमच्याच नावावर राहतो. दुसऱ्याच्या चुकीचे ई-चलान तुमच्या नावावर निघते, पण ते त्यातल्या त्यात लहान दुखणे. मोठी भीती अपघाताची. सर्वोच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण गेले होते. गाडी एकामागून एक अनेकांना विकलेली, नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर आणि अपघात २००९ मधला. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी केव्हाच विकली होती, हे सांगून त्याची सुटका झाली नाही. तुम्ही टोरांटोत असताना अशी नोटीस दिग्रसच्या घरी आली, तर कोर्टाच्या पायऱ्या आईवडिलांना चढाव्या लागतील.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत विक्री कळवायची असते. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत असते. तुम्ही मुदत मोजत बसू नका. निघायच्या निदान महिनाभर आधी घेणाऱ्याला सोबत घेऊन यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाचे काम उरका. हल्ली या कामाला ओटीपी लागतो आणि तो गाडीच्या नोंदणीला जोडलेल्या मोबाइलवर येतो. एकदा भारतातले सिम बंद पडले की साधे नाव बदलणेही अडून बसते. गाडी कर्जावर घेतली असेल तर हप्ते संपल्याने बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेचा नाहरकत दाखला देऊन तो उतरवावा लागतो. पांढरकवडा, वणी, झरी-जामणीकडच्या गाड्या पुष्कळदा आदिलाबादकडे जातात. तिथे राज्य बदलते, म्हणून फॉर्म २८ ची एनओसी आधी काढा. जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे फॉर्म २९-सी भरून घ्या. त्याने गाडी डीलरच्या ताब्यात गेल्याची नोंद होते. शेवटी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून तिथे तुमचे नाव दिसत नाही, याची खात्री करा आणि मगच सूटकेस भरा.

आता पलीकडची गाडी. अमेरिकेत मालकीचा कागद म्हणजे टायटल. आपल्या आरसीसारखे रजिस्ट्रेशन वेगळे आणि टायटल वेगळे. रजिस्ट्रेशन दाखवून गाडी विकता येत नाही, हे नव्या माणसाला ठाऊक नसते. टायटल प्रत्येक राज्य आपापले देते. कॅलिफोर्नियात ते डीएमव्ही या वाहन विभागाकडून मिळते, इलिनॉय आणि मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून, तर टेक्सासात त्याचा अर्ज काउंटीच्या टॅक्स ऑफिसात द्यावा लागतो.

एका कुटुंबाने आपल्या भाच्याची हकिगत सांगितली. मास्टर्सला आलेला, पहिल्याच सत्रात रात्रीच्या कामासाठी गाडी हवी होती. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी एक माणूस जुनी कोरोला घेऊन आला. गाडी चांगली चालली, भाव चार हजार डॉलर ठरला. टायटल होते, त्यावर सहीही होती. फक्त सही करणारी बाई कोणी वेगळीच होती. ‘ती माझी मावशी, गाडी मीच चालवतो,’ असे उत्तर मिळाले. टायटलच्या मागच्या बाजूला घेणाऱ्याचे नाव, किंमत, विक्रीची तारीख आणि ओडोमीटरचा आकडा या साऱ्या जागा कोऱ्या होत्या. मुलगा म्हणाला, आमच्याकडेही अशाच सह्या करून देतात. रोख पैसे देऊन त्याने गाडी घेतली. पुढे नाव चढवायला गेल्यावर कार्यालयात कळले की टायटलवर कर्ज देणाऱ्या कंपनीचा बोजा आहे. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झाला होता. कंपनीचे लोक येऊन गाडी उचलून घेऊन गेले. चार हजार डॉलर म्हणजे हमीभावाने चाळीस क्विंटलच्या वर कापसाचे पैसे. त्या पोराच्या घरी याचा अर्थ काय होतो, हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणाला समजावून सांगायला नको.

अशा कोऱ्या टायटलला तिकडे ओपन टायटल म्हणतात आणि मधल्या माणसाने स्वतःचे नाव न चढवता गाडी पुढे विकली की ते टायटल जंपिंग. ते बेकायदा आहे. मधला माणूस कर चुकवत असतो किंवा परवाना नसताना गाड्यांचा धंदा करत असतो, आणि त्याचे नाव कुठेही नसल्याने बुडालेले पैसे मागायचे कोणाकडे, हाच प्रश्न उरतो. म्हणून टायटलवरचे नाव आणि समोरच्या माणसाच्या लायसन्सवरचे नाव एकच हवे, आणि सही त्याने तुमच्यासमोर करायला हवी. ओहायो, पेन्सिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायनात तर ती सही नोटरीपुढे होते. टायटल हरवले आहे, पोस्टाने पाठवतो, असे कोणी म्हणाले तर एकच उत्तर द्या: दुय्यम प्रत काढून आणा, तोवर थांबतो. खऱ्या मालकाला ती थोड्या फीमध्ये मिळते; जो मालकच नाही त्याला ती मिळत नाही, म्हणूनच तो टाळतो.

व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, स्वतः वाचा. १९८१ पासून तो अक्षरे-आकडे मिळून १७ चिन्हांचा असतो. काचेखाली डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर मिळतो. दोन्ही जागचा आणि टायटलवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. त्याच नंबरावरून एनएमव्हीटीआयएस या राष्ट्रीय नोंदीचा अहवाल थोडक्या पैशांत निघतो. गाडी मोडीत काढलेली, पुरात बुडालेली असल्याचा शिक्का त्यात दिसतो. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर पुरातल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या होत्या. सीटखालच्या पट्ट्यांना गंज आणि गालिच्याखाली वाळलेला गाळ दिसला की भाव कितीही कमी असो, परत फिरा. बोजा असेल तर व्यवहार कर्ज देणाऱ्या बँकेच्या शाखेतच करा, म्हणजे तुमच्या पैशातून आधी कर्ज फिटते. गाडी हातात आली की मुदत लगेच सुरू होते: कॅलिफोर्नियात घेणाऱ्याला १० दिवस, टेक्सासात ३०.

इतर देशांचे थोडक्यात. कॅनडात ओंटारियोमध्ये खासगी विक्री करणाऱ्याने यूव्हीआयपी नावाचा कागदांचा संच द्यायचाच असतो. बोजा आणि आधीचे मालक त्यात दिसतात. घेणाऱ्याने ६ दिवसांत नाव चढवायचे. इंग्लंडमधले व्ही५सी लॉगबुक आपल्या लोकांना हमखास फसवते. ते पाहून आरसी मिळाली असे वाटते. पण गाडी कोण बाळगतो एवढेच ते सांगते, आणि हा मालकीचा पुरावा नाही असे त्यावरच छापलेले असते. त्यामुळे खरेदीची पावती आणि कर्जाची तपासणी वेगळी करावी लागते. ऑस्ट्रेलियात पीपीएसआर ही नोंद २०१२ पासून आहे. दोन डॉलरमध्ये गाडीवर बोजा आहे का, ती चोरीची किंवा अपघातात मोडीत काढलेली आहे का, हे कळते. इतक्या स्वस्तात इतकी खात्री कुठे मिळत नाही, तरी नवी मुले ती करत नाहीत याचे तिकडच्या कुटुंबांना फार वाईट वाटते.

आणि अमेरिकेत कोरे टायटल घेऊन कोणी आधीच अडकले असेल तर घाबरून ती गाडी तशीच पुढच्या नवख्याला विकू नका. कोऱ्या जागेत खोटी तारीख किंवा कोणाचे नाव स्वतःच्या हाताने लिहू नका. टायटलवर ज्याचे नाव आहे त्या माणसाचा पत्ता शोधा. तो भेटला आणि त्याने दुय्यम प्रतीवर नीट सही दिली तर काम तिथेच मिटते. तो सापडत नसेल तर बऱ्याच राज्यांत बॉन्डेड टायटलची सोय आहे. टेक्सासात गाडीच्या किमतीच्या दीडपट रकमेचा हमीबॉन्ड घ्यावा लागतो आणि तो ३ वर्षे चालू राहतो. बॉन्डचा हप्ता त्या रकमेच्या मानाने थोडाच असतो. अर्ज करायला जाताना पावती, मेसेज, बँकेतून पैसे काढल्याची नोंद, जे काही हाताशी असेल ते सगळे सोबत न्या.