रांगोळीचा हात आणि पाकिटाचं लेबल



कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ. जामसंड्यात आणि आजूबाजूच्या वाड्यांवर हे जिन्नस चांगले होतात, त्यात वाद नाही. तरी कुणकेश्वराच्या यात्रेत किंवा एखाद्या प्रदर्शनात गिऱ्हाईक आपल्या टेबलासमोरून चालत पुढे जातं. चव घ्यायला ते आधी थांबायला हवं, आणि थांबतं ते बघून. मग उरलेला माल कुणी व्यापारी सुटा उचलतो, त्यावर स्वतःचं लेबल लावतो आणि वरचा पैसा त्याच्या गल्ल्यात जातो. म्हणून या वेळी हिशेबाच्या वहीऐवजी चित्रकलेचा धडा घेऊ.

घाबरू नका. रेषा, आकार, रंग, उजळ-गडद छटा, पोत आणि मोकळी जागा, एवढ्यावर सगळं चित्र उभं असतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी आपली मुलं हेच शिकतात. आणि तुम्ही तर ते रोज सकाळी दारात करता. ठिपके मांडता, ते जोडले की रेषा होते, रेषा बंद झाली की आकार, त्यात रंग.

आता एक गोष्ट आठवून बघा. शेणाने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी कशी उठून दिसते! तीच पांढऱ्या टाइल्सवर काढली तर हरवते. म्हणून आपण आधी गेरूचा पट्टा ओढतो. कुणी शिकवलं होतं हे? यालाच उजळ-गडद छटांचा फरक म्हणतात, आणि माझ्या मते लेबलासाठी या सगळ्यांत हाच सर्वांत महत्त्वाचा. आगळाची बाटली गडद असते. तिच्यावर गडद लाल किंवा जांभळं लेबल लावलं की ते बाटलीत बुडून जातं. तिथे फिकट लेबल आणि गडद अक्षर हवं. उलट पांढऱ्या कागदावर पिवळं अक्षर कुणालाच वाचता येत नाही, मग पिवळा रंग आपल्याला आंब्याचा म्हणून कितीही आवडो. पिवळ्यावर काळं मात्र लांबून दिसतं. रिक्षा-टेम्पोच्या नंबरप्लेटी बघा.

रेषा काय करू शकते ते बघायचं तर कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत रामायण-महाभारतातल्या कथा सांगायच्या. परशुराम गंगावणे यांना 2021 साली याच परंपरेच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत ठळक बाह्यरेषा आणि मोठे डोळे असतात. चित्र हातात धरून समोर बसलेल्या मंडळींना दाखवायचं, तर बारीक नक्षी काय कामाची? आपलं पाकीटसुद्धा टेबलापलीकडच्या माणसाला दिसायचं असतं. म्हणून नेटवरून उतरवलेला चकाकता आंबा नको (तो बहुतेक हापूस नसतोच). समूहातल्या एखाद्या मुलीने जाड रेषेत काढलेलं कोकमाचं फळ जास्त शोभेल.

आकार आणि रंग शिकायला सावंतवाडीचा गंजिफा आहे. दशावतारी गंजिफाची पानं गोल असतात, एकूण 120. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं. मत्स्यावताराला मासा, परशुरामाला परशू, असं प्रत्येकाचं साधं चिन्ह असतं. चिन्ह आणि मागचा रंग यांवरून खेळणारा पान चटकन ओळखतो. आपणही असंच करावं. सगळ्या पाकिटांवर समूहाची एकच खूण ठेवायची आणि पदार्थाप्रमाणे फक्त रंग बदलायचा: आगळाला एक, आंबापोळीला दुसरा. पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक आलं की खुणेवरून ओळखेल.

आता मांडणी. गणपतीवर आपण माटवी बांधतो. नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, हरणाची पिवळी फुलं. सगळी कवंडळं एका कोपऱ्यात कुणी बांधत नाही. मध्ये जागा सोडून बांधतो, म्हणून प्रत्येक फळ दिसतं. लेबलावर मात्र हा शहाणपणा कुठे जातो कोण जाणे! वर देवाचा फोटो, चारी बाजूंनी वेलबुट्टी, तीन तऱ्हेची अक्षरं, आणि सगळ्यात मोठं काय, तर समूहाचं लांबलचक नाव. राग मानू नका, पण गिऱ्हाईकाला आधी आत काय आहे ते कळायला हवं. ‘कोकम आगळ’ सर्वांत मोठं, समूहाचं आणि गावाचं नाव खाली. देवाचा फोटो तर नकोच. पाकीट शेवटी कचऱ्यात जातं.

मोकळी जागा ठेवली की कायद्याच्या गोष्टीही नीट बसतात: घटक पदार्थ, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, समूहाचा पत्ता, एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक. शाकाहाराची हिरव्या चौकटीतली हिरवी खूण पदार्थाच्या नावाजवळ हवी, आणि ती उठून दिसायला हवी. हिरव्या लेबलावर ती लपते. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती खूण नोंदणी झालेल्यांनीच वापरायची. नेटवरून घेऊन छापू नका.

पोत म्हणजे पृष्ठभाग कसा आहे ते. चकचकीत कागदावर पेनाने लिहिलेली तारीख बोटाने पुसली जाते, म्हणून तेवढी जागा खरखरीत ठेवायला सांगा. घरच्या इंकजेट प्रिंटरचं लेबल आपल्या पावसाळी दमटपणात पसरतं. आंबापोळीला मात्र पारदर्शक खिडकी ठेवा. तिचा रंग आणि तिची जाडी हीच तिची जाहिरात.

लेबल पक्कं करण्याआधी पाकीट टेबलावर ठेवून आठ-दहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करा. नाव दिसतं का? मग मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. लाल आणि हिरवा रंग शेजारी कितीही वेगळे दिसले तरी त्या फोटोत कित्येकदा एकच होतात. तसं झालं तर एक रंग फिका करा. शेवटी समूहाबाहेरच्या कुणाला तरी, शक्यतो चष्मा लागलेल्या आजीला, विचारा, “आत काय आसा गो?”

डीटीपीवाल्याला “छान करून दे” म्हटलं की तो वेलबुट्टी घालणारच. त्याला कागदावर काढूनच द्या: कुठलं अक्षर मोठं, रंग कुठले दोन, कुठे काहीच नको. आणि हजार प्रती छापण्याआधी एकच प्रत काढून ती खऱ्या बाटलीवर चिकटवून बघा.